काळ्या मातीचा चांद

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, संध्याकाळी बोरीच्या पात्रात उतरावं आणि गावाकडे तोंड करून उभं राहावं. ऊन जाऊन अर्धा तास झालेला असतो, पण वाळूतून दिवसभराची झळ अजून वर येत असते. घरांच्या माथ्यावर आभाळ जिथे पिवळट उरलेलं असतं, तिथे तो पडलेला दिसतो. पाठ खाली, दोन्ही शिंगं वर. दिवसभर राबून आलेल्या माणसाने बाजेवर अंग टाकावं आणि दोन्ही हात डोक्यामागे न्यावेत, तसा.

फाल्गुनापासून वैशाखापर्यंत तो असा उताणा असतो. हरतालिकेच्या तृतीयेला पाहा, तेव्हा तो कुशीवर वळलेला सापडेल. त्याची उजळ बाजू नेहमी सूर्याकडे. वसंतात सूर्य त्याच्या जवळजवळ सरळ खाली मावळतो आणि भाद्रपदात तिरका, बाजूला, म्हणून हा फरक. वराहमिहिराने बृहत्संहितेत या आकारांना नावं दिली आहेत. नौ म्हणजे होडी, लांगल म्हणजे नांगर, आणखीही काही. भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीत तर शिंगांच्या या चढउतारासाठी एक वेगळा अधिकारच आहे, शृंगोन्नती नावाचा. माझ्या आजीला यातलं काही माहीत नव्हतं. ती धाब्यावर उभी राहून हात जोडायची, मग बराच वेळ नुसती बघत राहायची आणि म्हणायची, "औंदा होडी शे." होडी दिसली म्हणजे पाणी भरपूर, असा तिचा हिशेब. दर आखाजीला होडीच असायची, आणि दर आखाजीला तिचा चेहरा तितकाच उजळायचा.

खान्देशात सालदाराचं साल आखाजीला संपतं आणि नवं साल आखाजीलाच धरलं जातं. सासरी गेलेल्या पोरी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, खापरावरच्या पुरणपोळ्या होतात, आमरसाची पातेली भरतात. हा सगळा सण ज्याच्या तिथीवर उभा, तो त्या संध्याकाळी दोन-अडीच तास थांबतो आणि निघून जातो. माहेरपणही असंच असतं, हे त्या पोरींना सांगावं लागत नाही. २०२२ मध्ये ३ मेला आणि २०२३ मध्ये २२ एप्रिलला आखाजी आणि रमजान ईद एकाच दिवशी आल्या. ज्या कोरीसाठी आदल्या संध्याकाळी लोक गच्च्यांवर चढले होते, तीच दुसऱ्या दिवशी झोक्यांवरच्या पोरींच्या डोक्यावर होती. एका रात्रीत एक बोट जाड झालेली.

मग वैशाखाचा तो पंधरवडा अमळनेरात त्याचाच असतो. शुद्ध एकादशीला संत सखाराम महाराजांचा रथ निघतो. त्या दिवशी तो दुपारीच उगवून बसलेला असतो, कुणाच्या लक्षात न येता. दिवे लागल्यावर लोक रथाकडे बघतात आणि रथाच्या वर नजर गेली की हा दिसतो, माथ्यापासून थोडा दक्षिणेला कललेला, अजून पुरता न भरलेला. पौर्णिमेला पालखी. त्या संध्याकाळी तो गावाच्या माथ्यावर सापडत नाही, पाठ फिरवून नदीपलीकडे, पैलाडच्या बाजूला बघावं लागतं. पश्चिमेला सूर्य बुडत असतो आणि पूर्वेला धुळीच्या थरातून हा वर येत असतो, भाजलेल्या खापराच्या रंगाचा, केवढा तरी मोठा. तो मोठा नसतो, आपल्याला तसा वाटतो. हात लांब करून करंगळी आडवी धरली तर उगवतानाही नखाआड लपतो आणि मध्यरात्री वर चढल्यावरही. मी हे पंधरा-वीस वेळा करून पाहिलं आहे. करंगळीला पटतं, डोळ्यांना अजूनही पटत नाही.

अमळनेरात मंगळाचं देऊळ आहे. दर मंगळवारी लांबलांबून माणसं येतात. चांदाच्या वाट्याला नदीचं पात्र आलं. मला ते योग्य वाटतं. तो देवळात बसणाऱ्यांतला नाही.

आता त्याच्या रंगाविषयी. सगळे त्याला रुपेरी म्हणतात, दुधाळ म्हणतात. तो काळा आहे. अंगावर पडलेल्या उजेडातले शंभरात जेमतेम बारा भाग तो परत फेकतो, झिजलेल्या डांबरी सडकेइतके. भोवती सगळा अंधार आणि हा एकटा उन्हात उभा, म्हणून झळाळतो. चैत्रात नांगरून उन्हात टाकलेलं कपाशीचं रान उचलून रात्रीच्या आभाळात टांगलं, तर तेही असंच रुपेरी दिसेल. ही नुसती उपमा नाही. त्याच्या चेहऱ्यावरचे जे काळे डाग आपण ससा म्हणून दाखवतो, ती तीन अब्ज वर्षांहून जुन्या लाव्ह्याची थिजलेली मैदानं आहेत. दगड बेसॉल्ट. आपल्या पायाखालचा दख्खनचा काळा पाषाणही बेसॉल्टच, वयाने मात्र पोरसवदा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. तो झिजला, कुजला, पावसाने भिजत राहिला आणि त्याची कपाशीची काळी झाली. चांदावरच्या दगडाला पाऊस मिळाला नाही. त्याची माती झालीच नाही, उल्कांचा मार खाऊन नुसती भुकटी झाली. लोणारला असाच बाहेरून आलेला एक दगड आपल्या बेसॉल्टवर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा झाला. चांदावरचे खड्डे समजून घ्यायला शास्त्रज्ञ लोणारला येतात, कारण अशा दगडातला असा खड्डा पृथ्वीवर फार दुर्मीळ. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला घरातल्या जुन्या पेटीत एखाद्या दूरच्या नातेवाइकाचा फोटो सापडावा आणि नाक आपल्यासारखं निघावं, तसं झालं.

२३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी चांद्रयान-३ त्याच्या दक्षिण भागात उतरलं. त्यातल्या एका उपकरणाने जमिनीत सळई खुपसून उष्णता मोजली. वर पन्नास अंशांच्या पुढे, आणि आठच सेंटीमीटर खाली उणे दहाच्या आसपास. भरल्या वैशाखात ढेकूळ उलटून खालच्या मातीला हात लावून बघणाऱ्या आमच्याकडच्या माणसाला यात ओळखीचं काही तरी वाटेल. वर भाजतं, खाली गारवा असतो. फक्त तिथला गारवा जीवघेणा.

चीनमध्ये त्याची ओळख याच थंडीने करून देतात. तिथल्या गोष्टीत छांग-अ नावाची बाई अमरत्वाचं औषध प्यायली आणि उडत चांदावर जाऊन पोचली. तिथे तिचा महाल आहे, नाव क्वांगहान, म्हणजे अफाट थंडी. सोबतीला एक ससा, तो खलबत्त्यात औषध कुटतो. ससा आपल्याकडेही आहे; शशी, शशांक ही नावं त्यावरूनच, आणि जातकात तर त्या सशाची अख्खी कथा आहे. पण आपला ससा नुसता बसलेला, त्यांचा कामाला लागलेला. १९६९ मध्ये अपोलो-११ चे अंतराळवीर उतरायच्या तयारीत होते तेव्हा ह्यूस्टनहून त्यांना या बाईची आणि तिच्या सशाची बातमी सांगून लक्ष ठेवायला सांगितलं गेलं होतं. २०१३ मध्ये चीनचं यान उतरलं त्याचं नाव छांग-अ ३, त्यातून बाहेर पडलेल्या गाडीचं नाव यूथू, म्हणजे जेडचा ससा, आणि उतरल्या जागेला नाव मिळालं क्वांगहान महाल. कित्येक शतकं ज्या घराचा पत्ता फक्त कवींना माहीत होता, तो नकाशावर आला.

उजेड त्याचा स्वतःचा नाही, हे त्याच्याविषयी सगळ्यांना माहीत असतं. उसना उजेड म्हणून त्याला हिणवणारी माणसं मी पाहिली आहेत. आर्यभटाने ४९९ मध्ये ते लिहून ठेवलं, चीनमध्ये चांग हंगने त्याच्याही साडेतीनशे वर्षं आधी. पण मला सगळ्यांत आवडतो तो शन ख्वो, अकराव्या शतकातला, सुंग राजांच्या दरबारातला. चंद्र चेंडूसारखा आहे की पंख्यासारखा चपटा, असं त्याला कुणी विचारलं. त्याने सांगितलं, चंद्र म्हणजे चांदीची गोळी समजा, तिला स्वतःचा उजेड नाही. एक चेंडू घ्या, त्याच्या अर्ध्या भागाला पांढरी भुकटी लावा. बाजूने बघा, कोर दिसेल. समोरून बघा, पौर्णिमा. हाच माणूस वेधशाळेचा प्रमुख असताना त्याला पाच वर्षं, रोज रात्री तीन वेळा, चांदाची आणि ग्रहांची जागा टिपून ठेवायची होती. बरोबरच्या लोकांनी ते नीट होऊ दिलं नाही.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा शन ख्वोचा चेंडू दरवर्षी वर्गात आणायचे. भुकटी म्हणून दादरचं पीठ. ज्वारीतली दादर आमच्याकडे घरोघरी असते, तिचं पीठ ओल्या चेंडूला छान धरतं. पोरं चेंडूभोवती गोल फिरायची आणि एकेक जण थांबून ओरडायचा, "चवथ!" "आठम!" एका वर्षी एक मुलगी खालीच बसली, चेंडूच्या बरोबर मागे, जिथून पीठ अजिबात दिसत नाही. म्हणाली, "बाई, मी अमावस्येत बसली." तिला तिथून उठवावंसं वाटेना.

त्याला एक सवय आहे, उशिरा येण्याची. काल आला त्याच्यापेक्षा आज सरासरी पन्नास मिनिटं उशीर, उद्या आणखी पन्नास. शरदात पौर्णिमेच्या आसपास हा उशीर थोडा कमी होतो, पण वेळेवर तो कधीच येत नाही. याला कारण आहे. आपण त्याच्याकडे वळेपर्यंत तो रोज तेरा अंश पुढे सरकलेला असतो. पौर्णिमेला दिवेलागणीला येणारा हा माणूस वद्य चतुर्थीला रात्री नऊच्या सुमारास उगवतो, आणि त्या रात्री महाराष्ट्रातल्या लाखो बायका आणि पुरुष जेवणाचं ताट झाकून त्याची वाट बघत असतात. संकष्टीला इतकी आर्जवं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला येत नसतील.

आमच्या घरी संकष्टी माय करायची. गावात काम मिळेना म्हणून माझा मोठा भाऊ सुरतेला गेला होता, उधन्याला कापडाच्या कारखान्यात. ताप्तीच्या खोऱ्यातली ही रेल्वे आमच्या गावावरून सुरतेला जाते आणि तिने अख्खी गावं तिकडे नेली आहेत. सुरतेत अशा वस्त्या आहेत की तिथे अहिराणी बोललं तर कुणी वळून बघत नाही. वहिनीही संकष्टी धरायची. मायने कधी तरी ठरवून टाकलं की दोघींनी एकदमच उपास सोडायचा. तेव्हापासून दर वद्य चतुर्थीला धाब्यावरून फोन.

"उना का?"

"नाही अजून."

"आठे तर उना."

मग दोघी फोन चालू ठेवून गप्प. मायच्या पुढ्यात चांद आलेला, पण ती जेवायला उठायची नाही. तिकडे वहिनी गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या वर बघत असायची. थोड्या वेळाने तिकडून, "उना, माय." मग दोघींची ताटं.

एकदा मी घड्याळ लावलं. नऊ मिनिटं. पुढच्या खेपेला पुन्हा नऊच्या आसपासच. सुरत आणि अमळनेर दोन्ही गावं एकविसाव्या अक्षांशाला धरून, पण आम्ही सव्वादोन अंश पूर्वेला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणजे सव्वादोन अंशांना नऊ. मायला मी हे कागदावर काढून दाखवलं. तिने ते लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "म्हंजे पहिले मना घर येस, मग त्याना?" मी हो म्हटलं. त्यानंतर ती नऊ मिनिटं तिला तिच्या मालकीची वाटू लागली असावी, कारण ती वहिनीला सांगू लागली, "थांब, धाडस."

दू फूची गोष्ट मी पुष्कळ नंतर वाचली. ७५६ साल. बंडखोरांनी राजधानी चांगआन घेतली आणि हा कवी आत अडकला. बायको-मुलं उत्तरेला सुमारे दोनशे किलोमीटरवर, फूचौला. त्या रात्रीवर त्याने जी कविता लिहिली तिच्यात तो स्वतःच्या खिडकीतल्या चंद्राविषयी बोलतच नाही. तिकडे ती एकटी बघत असेल तो चंद्र तो लिहितो, आणि बापाची आठवण म्हणजे काय हे कळायच्या वयाचीही नसलेली मुलं लिहितो. मी नकाशा काढून दोन्ही गावं शोधली. जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत. म्हणजे त्या नवरा-बायकोला चांद बहुधा एकाच वेळी मिळाला असणार. मला त्यांच्यासाठी बरं वाटलं. साडेबाराशेहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसांसाठी बरं वाटणं हे चमत्कारिक असेल, पण वाटलं.

चिनी कवींचा चांद म्हणजे मुख्यतः हे आहे. आपल्याकडे तो प्रेयसीचा चेहरा होतो, चकोराचं अन्न होतो, संतांच्या हातात अमृत होतो. चिनी कवितेत तो दोन ताटातूट झालेल्या माणसांच्या मधे उभा असतो. काही बोलत नाही, निरोप नेत नाही. दोघांना एकाच वेळी दिसतो, तेवढंच त्याचं काम. शिक्षा म्हणून दूर प्रांतात धाडलेले अधिकारी, सीमेवरचे शिपाई, परीक्षेसाठी राजधानीत येऊन राहिलेले तरुण, अशीच माणसं तिथे कविता लिहीत होती, आणि सगळ्यांचं घर दुसरीकडे होतं. सू शी हा मोठा कवी १०७६ मध्ये मध्यशरदाच्या रात्री रात्रभर जागा राहिला आणि धाकट्या भावासाठी लिहीत बसला. त्या दोघांची कित्येक वर्षांत भेट नव्हती. तो आणि शन ख्वो एकाच काळातले, एकाच दरबाराचे नोकर. एकाने त्या चांदावर पीठ लावून दाखवलं, दुसऱ्याने तोच चांद भावाकडे तोंड करून बघितला. त्यातला कुणाचा खरा, असं मला कुणी विचारू नये.

हा मध्यशरदाचा सण त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला येतो. घरची सगळी माणसं एकत्र यावीत म्हणून. चिनी भाषेत अशा भेटीसाठी जो शब्द आहे त्याच्यातच 'गोल' आहे. गोल केक करतात, वाटून खातात. बहुतेक वर्षी ती आपली भाद्रपदी पौर्णिमा असते. म्हणजे आमच्याकडे भुलाबाई बसते त्याच रात्री. खान्देशातल्या पोरी तेव्हापासून कोजागरीपर्यंत महिनाभर घरोघर जाऊन भुलाबाईची गाणी म्हणतात, डबा वाजवून आतला खाऊ ओळखायला लावतात. तीही माहेरी आलेली बाईच, एका पौर्णिमेला येते आणि पुढच्या पौर्णिमेला जाते. कधी त्यांचा अधिक महिना आणि आपला अधिक महिना वेगवेगळ्या वर्षी पडतो, मग सणांचं सरकतं. २०२५ मध्ये ६ ऑक्टोबरला चीनचा मध्यशरद आणि आपली कोजागरी एकाच रात्री आल्या. आमच्याकडे भुलाबाई निघाली होती आणि तिकडे घरोघर माणसं परतली होती. त्यांना तो आमच्यापेक्षा दोन तासांहून अधिक आधी मिळतो. आम्ही दूध आटवायला ठेवतो तेव्हा तिकडे तो चांगला वर आलेला असतो.

मिनिटं आणि अंश मोजणाऱ्या माणसांची एक जागा आमच्याच जिल्ह्यात आहे. चाळीसगावजवळ पाटणादेवीला गेलात तर डोंगर, जंगल आणि देऊळ बघून परत येऊ नका. तिथे शके ११२८ चा एक शिलालेख आहे, डॉ. भाऊ दाजींनी उजेडात आणलेला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने तिथे मठ काढला, आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने मठाला दान दिलं. दानाची वेळ लेखात कोरली आहे. श्रावणातली पौर्णिमा, चंद्रग्रहण लागलेलं. मला त्या रात्रीचं फार वाटतं. तिथे जमलेल्यांना ग्रहण म्हणजे काय ते पक्कं माहीत होतं. पृथ्वीची सावली केव्हा लागणार, किती लागणार, केव्हा सुटणार, हे त्यांनी आधीच मांडून ठेवलेलं असणार. मठ उघडला होता तोच त्यासाठी. चांदाचा वेग कमीजास्त होतो, म्हणून दिवसभराची सरासरी घेऊन भागत नाही, त्या-त्या क्षणाची गती काढावी लागते, हे त्याच मठात शिकवायच्या ग्रंथात भास्कराचार्यांनी लिहिलेलं होतं. आणि तरी सावली चढायला लागल्यावर सोइदेवाने हातावर पाणी सोडलं. गणित बरोबर आलं म्हणून हात जोडायचे थांबले नाहीत, आणि हात जोडले म्हणून गणित ढिलं पडलं नाही.

लेखाचा सुरुवातीचा भाग संस्कृतात आहे. कुणी मठाला काय द्यायचं, हा हिशेबाचा भाग मात्र तेव्हाच्या मराठीत. बाजारात माल येईल त्यावरचा वाटा, आणि जितके घाणे फिरतील तितक्यांकडून पळी-पळी तेल. आठशे वर्षांपूर्वीच्या खान्देशात तेली आपल्या घाण्यातून एक पळी काढून बाजूला ठेवत होता, आणि मला वाटतं त्या तेलाच्या उजेडात कुणी तरी पोरगा चांदाची गती शिकत होता. तेलाशी या मुलखाचं नातं तुटलेलंच नाही. विप्रोही १९४५ मध्ये अमळनेरात वनस्पती तेलाचा कारखाना म्हणूनच सुरू झाली. पण माझं मन त्या पळीपाशीच थांबतं.

मोजणाऱ्यांनी अलीकडे आणखी एक गोष्ट काढली. अपोलोच्या माणसांनी तिथे आरसे ठेवले, त्यांच्यावर इथून लेसरचा किरण मारला की अडीच सेकंदांत परत येतो. त्यावरून कळलं की तो दरवर्षी ३.८ सेंटीमीटर लांब जातो. सोइदेवाने पाणी सोडलं त्या रात्रीपेक्षा आज तो तीस-एकतीस मीटर लांब आहे. चिनी कवी ली बायच्या काळापेक्षा अठ्ठेचाळीस मीटर. तीन लाख चौऱ्याऐंशी हजार किलोमीटरमध्ये हे काहीच नाही. तरी मी हे मायला सांगितलं नाही.

ली बाय, जुन्या पुस्तकांतला ली पो, हा त्याचा सगळ्यांत जवळचा दोस्त. एकट्याने प्यायला बसला की चांदाला बोलावून घ्यायचा, सावलीला धरून तिघं करायचा. ७६२ मध्ये तो गेला. लोक सांगतात ती कथा अशी की नावेत बसून यांगत्सेच्या पाण्यातला चांद कवेत घ्यायला वाकला आणि बुडाला. ही घडलेली गोष्ट नव्हे, बहुतेक अभ्यासक तसं म्हणतात. पण लोकांना त्याच्यासाठी हेच मरण योग्य वाटलं. आमच्या धरणगावचे बालकवी आठवतात मला इथे, १९१८ मध्ये भादली स्टेशनात आगगाडीखाली गेले, वय अठ्ठाविसाच्या आत. त्यांच्या मरणाभोवती लोकांना अशी गोष्ट विणता आली नाही, लोहमार्ग फार खरा होता.

ली बायच्या नावाचं विवर आहे, पण ते चांदावर नाही, बुधावर आहे. कवी, चित्रकार, गवई यांची नावं बुधाला द्यायची असा रिवाज आहे, कालिदासही तिथेच. चांदावर मुख्यतः शास्त्रज्ञ. पण पुराणात बुध हा चंद्राचाच मुलगा. दोस्ताला मुलाच्या घरी जागा मिळाली, असं मी मनात लावून घेतलं आहे.

पाण्यातल्या चांदाशी आमच्या गावाचाही संबंध आहे. १९१६ मध्ये प्रतापशेठांनी इथे तत्त्वज्ञान मंदिर काढलं, अद्वैताच्या अभ्यासासाठी. वेदान्त शिकवणाऱ्याला चांदावाचून चालत नाही. एक चांद आणि पाण्याने भरलेले शंभर घडे, प्रत्येकात एक. बीज दाखवायची असेल तर आधी झाडाची फांदी दाखवायची, मग फांदीच्या टोकाला बघ म्हणायचं, हा शाखाचंद्रन्याय. चीनमधले ध्यानमार्गी बौद्ध फांदीच्या जागी बोट धरतात, आणि बोटाकडेच बघत राहू नका म्हणून बजावतात. मंदिरात या दृष्टान्तांवर केवढी चर्चा झाली असेल. बोरीला मात्र उन्हाळ्यात वाहतं पाणी नसतं. डबकी उरतात, वाळूत ठिकठिकाणी, कुठे हातभर, कुठे गुडघाभर. पालखीच्या पौर्णिमेला पात्रातून चालत गेलं की एका डबक्यातला चांद मागे राहतो आणि पुढच्यात दुसरा तयार असतो. लहानपणी मी ते मोजत घरी यायचे. अकरा, कधी सतरा. यात्रेची गर्दी ओसरून वाळू पुन्हा गार झालेली असायची. आता पात्रात उतरायचं तर खाली बघून पाय टाकावा लागतो, प्लास्टिक आणि सांडपाणी यांतून. चांद त्या पाण्यातही पडतो. तो आपला पडतो. मला बघवत नाही.

हिवाळ्यात तो वेगळाच. मार्गशीर्ष-पौषातल्या पौर्णिमेला मध्यरात्री तो थेट माथ्यावर येतो, अंगणात उभं राहिलं तर सावली पायांखाली गोळा होते. शेतात गव्हाला पाणी भरणारी माणसं बॅटरी विझवून त्याच्या उजेडात दारं मोडतात. वीज रात्रीची असते तेव्हा बांधावर तोच सोबतीला. त्यांना कुणी विचारलं तर ती त्याच्याविषयी फार बोलणार नाहीत. "उजेड शे," म्हणतील.

माय गेली त्याला आता चार वर्षं झाली. तिच्या मागे संकष्टी मी धरली. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत चंद्रोदय छापलेला असतो, पण तो मुंबईचा; आमच्याकडे तो त्याआधीच येतो. म्हणून मी दहा मिनिटं आधीच वर जाते. धाबं पाडून आता स्लॅब झाला आहे, पैलाडकडे उंच घरं उठली आहेत, त्यामुळे तो क्षितिजापासून पुरता वर आल्याशिवाय दिसत नाही. आधी एका पाण्याच्या टाकीची कड उजळते. मग तो, एका बाजूने झिजलेला, तांबूस. मी फोन लावते.

"वहिनी, उना का?"

"नाही अजून, ताई."

मी उभी राहते.